पाटीवरचे चार ‘सेइ’

वसई पूर्वेच्या सातिवलीत एखाद्या यंत्रकामाच्या गाळ्यात शिरलात, तर टूलरूमच्या दाराशी फाइव्ह-एसची पाटी दिसण्याची शक्यता बरीच आहे. सेइरी, सेइतोन, सेइसोऽ, सेइकेत्सु, शित्सुके. शेजारी इंग्रजी अर्थ, कधी हिंदी, क्वचित मराठी. ऑडिट जवळ आले की पाटी पुसली जाते. एरवी तिच्याकडे कुणी बघत नाही. रोज कामावर येणारा माणूस हे पाच शब्द घडाघडा म्हणून दाखवील. पण दुसरा कोणता आणि चौथा कोणता असे विचारले की अडखळेल. त्यात त्याचा दोष नाही. पाचांतले चार शब्द ‘सेइ’नेच सुरू होतात.

जपानी कामगाराला ही अडचण येत नाही, कारण त्याच्या पाटीवर चार सारखे ‘सेइ’ नसतातच. पहिल्या दोन शब्दांतले अक्षर ‘नीट लावणे’ या अर्थाचे, पुढच्या दोन शब्दांतले ‘स्वच्छ, निर्मळ’ या अर्थाचे. म्हणजे सेइरी आणि सेइतोन ही आवराआवरीची जोडी: नको ते काढा, हवे ते जागच्या जागी ठेवा. सेइसोऽ आणि सेइकेत्सु ही स्वच्छतेची जोडी: झाडापुसा, आणि झाडलेले तसेच राहू द्या. सेइसोऽमधल्या दुसऱ्या अक्षरात डावीकडे हात आणि उजवीकडे झाडू आहे. शित्सुकेचे अक्षर तर चीनमधून आलेलेच नाही, ते जपान्यांनी स्वतः घडवले: एका बाजूला देह, दुसऱ्या बाजूला सुंदर. अर्थ शिस्त, वळण. सरकारच्या नित्योपयोगी यादीत हे अक्षर नाही, त्यामुळे हा शब्द हिरागाना या साध्या ध्वनिलिपीत लिहिलेलाही आढळतो.

त्या दोन ‘सेइ’कडे जरा जवळून बघू. पहिल्याच्या तळाशी ‘योग्य, बरोबर’ या अर्थाचे पाच रेघांचे एक लहान अक्षर बसले आहे आणि त्याचा स्वतःचा उच्चार ‘सेइ’ आहे. दुसऱ्यात डावीकडे पाण्याचे तीन शिंतोडे आणि उजवीकडे निळ्या-हिरव्या रंगाचे अक्षर. त्याचाही उच्चार ‘सेइ’. एक भाग अर्थ कुठल्या घरातला ते दाखवतो, दुसरा उच्चार सुचवतो. कांजींचा, म्हणजे अशा अक्षरांचा, फार मोठा हिस्सा असाच घडलेला आहे. पहिल्या महिन्यात हे कुणी सांगितले नाही, तर शिकणारा प्रत्येक अक्षराला चित्र समजून त्यात डोंगर, झाड, नदी शोधत बसतो. डोंगर, झाड, नदी यांची चित्रे आहेतच. पण ती थोडी आहेत आणि लवकर संपतात.

या प्रस्तावनेत एकही कांजी छापलेली नाही, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आले असेल. ते मुद्दाम आहे. अक्षरे पुढच्या पानांवर मोठ्या आकारात, रेघांच्या क्रमासह आहेत. इथे मी फक्त शब्द ऐकवते आहे, कारण माझे म्हणणेच ते आहे: शब्द आधी कानावर पडावा, तोंडात बसावा, आणि मग त्याचे अक्षर बघावे. परदेशी शिकणारा नेमके उलटे करतो. तो यादी आणतो, 2136 अक्षरे मोजतो, दचकतो, आणि रोज दहा धरली तर किती दिवस लागतील याचे गणित मांडतो. गणित बरोबर येते, अक्षरे येत नाहीत.

हे उलटे काम कधीपासून चालले आहे कोण जाणे, पण ते सुलट करणारा एक माणूस आपल्याच तालुक्यातला होता. गोन्सालो गार्सिया यांचा जन्म 1556च्या सुमारास वसईचा. वडील पोर्तुगीज, आई इथली. किल्ल्यातल्या जेझुइटांकडे ते शिकले, कोवळ्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेले, पुढे तिथे व्यापार केला, नंतर मनिलात फ्रान्सिस्कन पंथात ब्रदर झाले. 1593 साली पेद्रो बाउतिस्ता यांचे शिष्टमंडळ तोयोतोमी हिदेयोशीकडे गेले तेव्हा दुभाषे म्हणून गोन्सालो बरोबर होते. जपानच्या त्या वेळच्या सर्वेसर्वा पुढाऱ्यासमोर उभे राहून बोलण्याइतके जपानी या वसईकराला येत होते. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत ज्या सव्वीस जणांना क्रूसावर चढवले, त्यांत ते होते. 1862 साली ते संत म्हणून घोषित झाले. वसईत त्यांच्या नावाने चर्च आहे, कॉलेज आहे, आणि सण साजरा होतो. जपानी शिकणारे म्हणून मात्र त्यांची आठवण कुणी काढत नाही. माझ्या दृष्टीने ते आपले पहिले सेनपाय, म्हणजे वरच्या वर्गातले विद्यार्थी, आणि त्यांची भाषा बाजारात, जहाजांच्या धक्क्यावर, माणसांत मिसळून आलेली होती.

त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभराने, 1598 साली, जपानातल्या जेझुइटांनी ‘राकुयोऽशूऽ’ नावाचा कांजींचा कोश छापला. त्यांचा छापखाना युरोपातून गोव्यामार्गे गेला होता. जाताना गोव्यात थांबला असताना 1588 मध्ये त्यावर एका जपानी तरुणाचे, हारा मार्तिनोचे, लॅटिन भाषण छापले गेले, अशीही त्याची कथा आहे. त्या कोशाची मांडणी आजही बघण्यासारखी आहे. त्याचे तीन भाग आहेत: एकात अक्षरे चिनी वळणाच्या उच्चाराने लावली आहेत, दुसऱ्यात देशी जपानी शब्दाने, तिसऱ्यात आकाराने. सव्वाचारशे वर्षांपूर्वी परदेशी माणसांसाठी काम करणाऱ्यांना कळले होते की एकाच अक्षराकडे तीन वाटांनी जावे लागते. आपण आज मोबाइलवर फक्त तिसऱ्या वाटेने धावतो.

पहिल्या दोन वाटांना जपानीत ओनयोमी आणि कुनयोमी म्हणतात. बहुतेक पाठ्यपुस्तके इथे इंग्रजी विद्यार्थी डोळ्यांपुढे ठेवून लांबलचक खुलासा करतात. मराठी माणसाला तो खुलासा अर्ध्या मिनिटाचा आहे. तहान लागली की आपण पाणी मागतो. ‘जल द्या’ म्हणणारा नाटकातला असतो. पण जोडशब्द करायचा झाला की जलवाहिनी, जलाशय, जलशुद्धीकरण. सुटा असताना देशी शब्द, जोडीने आला की संस्कृत. जपानीत तेच: सुटे पाणी ‘मिझु’, आणि जोडशब्दात ‘सुइ’, जसे ‘सुइदोऽ’ म्हणजे नळाचे पाणी. आपल्याकडे संस्कृत, त्यांच्याकडे चिनी. फरक एवढाच की आपण ‘पाणी’ आणि ‘जल’ वेगवेगळे लिहितो. जपानी माणूस दोन्हींसाठी एकच अक्षर लिहितो आणि शेजार बघून उच्चार ठरवतो. ‘हात’ आणि ‘हस्त’ ही जोडी मनात धरा, ‘ते’ आणि ‘शु’ आपोआप कळतात.

वारही असेच फुकट मिळतात. जपानी वारांमागे आपलेच ग्रह त्याच क्रमाने आहेत: रविवारी सूर्य, सोमवारी चंद्र, मंगळवारी अग्नी, बुधवारी पाणी, गुरुवारी लाकूड, शुक्रवारी सोने, शनिवारी माती. सात अक्षरे, सातही पहिलीच्या वर्गातली.

आता गाळ्यात परत येऊ. जुने जपानी यंत्र ज्याने चालवले आहे त्याला माहीत आहे, पॅनेलवरच्या पट्ट्या कुणी बदललेल्या नसतात. कुणीतरी मार्करने शेजारी ‘ऑटो’, ‘मॅन्युअल’ असे लिहून ठेवलेले असते, आणि तेलाच्या हातांनी ते निम्मे पुसलेले असते. त्या पट्टीवर ‘जिदोऽ’ आणि ‘शुदोऽ’ हे शब्द असतात. जि म्हणजे स्वतः, शु म्हणजे हात, दोऽ म्हणजे हलणे. स्वयंचलित आणि हस्तचालित. मराठी परिभाषा करणाऱ्यांनी आणि जपानी परिभाषा करणाऱ्यांनी एकमेकांना न विचारता जवळजवळ एकच शब्द घडवला. दोऽचे अक्षर दोन भागांचे आहे, डावीकडे ‘जड’, उजवीकडे ‘बळ’. जड वस्तूला बळ लावले की ती हलते. फिटरला हे समजावून सांगावे लागत नाही. त्याच अक्षराला डावीकडे माणूस जोडला की ‘हाताराकु’, काम करणे. हेही जपान्यांनी स्वतः घडवलेले अक्षर. जिदोऽला गाडीचे अक्षर जोडले की ‘जिदोऽशा’, मोटार. दोऽला वस्तूचे अक्षर जोडले की ‘दोऽबुत्सु’, प्राणी. एका अक्षरातून पाच शब्द निघाले, आणि त्यांतले दोन तर ऑपरेटर रोज बोटाने दाबतो.

लाल बटणावर ‘हिजोऽ तेइशी’ असते: आणीबाणीचा थांबा. हि म्हणजे नव्हे, जोऽ म्हणजे नेहमीचे. नेहमीचे नव्हे ते हिजोऽ. आणि वर ज्या सरकारी यादीचा उल्लेख आला तिचे नाव ‘जोऽयोऽ कांजी’. त्यातला जोऽ हाच. नेहमीच्या वापरातली अक्षरे. ही यादी काही आकाशातून पडलेली नाही. 1946 साली 1850 अक्षरांची एक यादी झाली, 1981 साली ती 1945ची झाली, 2010 मध्ये 2136ची. माणसांनी बसून ठरवलेली, पुढेही बदलेल अशी. शिकणाऱ्याने तिला अभ्यासक्रम मानू नये.

शाळेच्या याद्यांचेही तसेच. जपानी मुले प्राथमिकच्या सहा वर्षांत 1026 अक्षरे शिकतात, पहिलीत फक्त 80. त्या ऐंशींत किडा आहे, शिंपला आहे, बांबू आहे. परदेशी लोकांसाठीची कितीतरी पुस्तके याच क्रमाने जातात, आणि मला हे कधीच पटलेले नाही. सहा वर्षांच्या जपानी मुलाला किड्याचा शब्द आधीच येतो, त्याला फक्त अक्षर हवे असते. तुम्हाला शब्दही नवा आणि अक्षरही नवे. शिवाय ‘किकेन’ म्हणजे धोका, हा शब्द बघा. यातले पहिले अक्षर जपानी मूल सहावीत शिकते, दुसरे पाचवीत. प्रेसवर काम करणाऱ्या माणसाने सहावीपर्यंत थांबायचे का? म्हणून या पुस्तिकेत किकेन पहिल्याच पाठात आहे आणि शिंपला शेवटच्या पाठांपर्यंत सापडणार नाही.

ही पुस्तिका कुणासाठी आहे, हे त्यावरून कळावे. सातिवली, वालीव, गोखिवरे या पट्ट्यात आयटीआय करून लागलेली मुले आहेत. जपानने एप्रिल 2019 पासून विशिष्ट कौशल्य असलेल्या परदेशी कामगारांसाठी वेगळा व्हिसा सुरू केला. 2021 साली भारताबरोबर त्याचा सहकार्य करार झाला. त्यासाठी कौशल्याच्या परीक्षेबरोबर जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-फोर पातळी किंवा जेएफटी-बेसिक ही परीक्षा लागते. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे एक स्थानक विरारला होत आहे, त्यामुळेही जपानी शब्द कानावर येऊ लागलेत. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आहे, शिकवण्याची मोठी परंपरा आहे. वसई पूर्वेला दुसऱ्या पाळीतून सुटलेल्या माणसाला पुण्याचा उपयोग नाही. त्याला रिक्षात बसल्या बसल्या वाचता येईल असे काहीतरी हवे होते.

परीक्षेबद्दल एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. जुलैत आणि डिसेंबरात होणाऱ्या जेएलपीटीत हाताने एकही अक्षर लिहावे लागत नाही. सगळे पर्याय निवडण्याचे. यावरून काहींनी लिहिणे सोडूनच दिले आहे. मोबाइलवर हिरागानात टाइप करावे, फोन कांजी सुचवतो, काम झाले. माझे मत मधले आहे. पहिली दोनेकशे अक्षरे हाताने गिरवावीत, चौकटीच्या वहीत, पेन्सिलने. त्यानंतर लिहिण्याचा हट्ट सोडला तरी चालेल, स्वतःचा पत्ता आणि कामाचे अर्ज सोडून. पहिली दोनशे यासाठी की हाताला रेघा मोजायची सवय लागते. ‘तोंड’ या अर्थाचा चौकोन तीन रेघांचा आहे, चार नव्हे. वरची आणि उजवी बाजू एका ओढीत येते. हे हाताला कळले नाही तर कोशात रेघांच्या संख्येने अक्षर शोधताना दरवेळी एका घराने चुकाल.

इथे देवनागरीची सवय आडवी येते, अगदी शब्दशः. आपण अक्षर आधी काढतो आणि शिरोरेषा शेवटी ओढतो. कांजीत वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आणि वरची आडवी रेघ जवळजवळ नेहमी आधी. मराठी विद्यार्थ्याचा कागद मी लांबून ओळखते: डोक्यावरची रेघ शेवटी मारलेली, त्यामुळे जरा जास्त लांब आणि खालच्या रेघांपासून सुटलेली. ही लांबी किरकोळ वाटते, पण दोन आडव्या आणि एक उभी अशा तीन रेघांच्या अक्षरात खालची आडवी लांब असेल तर माती, वरची लांब असेल तर योद्धा. मातीचा योद्धा करून बसाल.

बाकी देवनागरीने आपल्याला दिले आहे तेही थोडे नाही. जपानी कोशातला क्रम आ-का-सा-ता-ना-हा-मा-या-रा-वा असा जातो. आपली वर्णमाला आठवा आणि बघा. ही ओळख योगायोगाची नाही. बौद्ध ग्रंथांबरोबर सिद्धम् लिपी जपानला गेली, कूकाईसारख्या भिक्षूंनी नवव्या शतकात ती चीनमधून नेली, आणि संस्कृतच्या उच्चारशास्त्राचा ठसा या क्रमावर राहिला. सिद्धम् आणि देवनागरी दोघींची आजी ब्राह्मी. सोपाऱ्याला 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला, तो त्याच ब्राह्मीत आहे. सातिवलीहून नालासोपारा किती लांब, ते इथल्या माणसाला मी सांगायला नको. उच्चारातही आपण नशीबवान. ‘चमचा’मधला च आणि ‘जहाज’मधला ज मराठी तोंडात आहेतच, त्यामुळे त्सु आणि झु यांसाठी आपल्याला कसरत करावी लागत नाही.

घसरायला होते ते ‘ओ’वर. मराठीत ओ ऱ्हस्व की दीर्घ, हा प्रश्नच नाही. जपानीत आहे. ‘कोऽजोऽ’ म्हणजे कारखाना, ‘कोजोऽ’ म्हणजे जुना किल्ला. वसईत दोन्ही आहेत, तरी कामावर निघताना किल्ल्यावर जातो असे सांगू नये. म्हणून या पुस्तिकेत लांब ओ दाखवायला अवग्रह वापरला आहे. पण देवनागरीतला उच्चार फक्त पहिल्या दहा पाठांपर्यंत दिला आहे, पुढे तो काढून हिरागाना ठेवले आहे. देवनागरी डोळ्यांसमोर असली की डोळा तिच्याकडेच जातो आणि कांजी नुसती शोभेला उरते. काही वाचकांनी याबद्दल तक्रार केली तर मी ती ऐकून घेईन, बदलणार नाही.

तंत्रांबद्दल थोडे, कारण विचारले जातेच. जेम्स हायसिग यांची 1977 पासूनची पद्धत जगभर वापरली जाते: प्रत्येक अक्षराला एक इंग्रजी शब्द, त्याभोवती एक गोष्ट, आणि उच्चार नंतर कधीतरी. अक्षराचे तुकडे पाडून बघण्याची तिची सवय उत्तम आहे, ती उचलावी. पण इंग्रजी शब्दाच्या खुंटीला टांगलेले अक्षर मराठी माणसापर्यंत दोन भाषा ओलांडून येते, आणि त्या प्रवासात जपानी शब्द कुठेच भेटत नाही. हजार अक्षरांचे अर्थ माहीत आणि साधी सूचना वाचता येत नाही, अशी माणसे मी पाहिली आहेत. मोबाइलवरच्या कार्डांनाही माझी हरकत नाही, कार्डावर सुटे अक्षर नको, शब्द हवा, एवढेच. ‘जगणे’ या अर्थाच्या एका अक्षराचे उच्चार पाहा: सेन्सेइमध्ये सेइ, इश्शोऽमध्ये शोऽ, वाढदिवसात जोऽ, जगण्यात इ, जन्मण्यात उ, कच्च्या माशाच्या बाबतीत नामा. ही यादी पाठ करणाऱ्याला शुभेच्छा. सहा शब्द शिकणाऱ्याला यादीची गरजच पडत नाही.

पुस्तिकेत प्रत्येक पानाची उजवी बाजू कोरी सोडली आहे. तुमच्या गाळ्यातल्या पॅनेलवर, सुट्या भागांच्या खोक्यावर, ग्रीसच्या डब्यावर जे शब्द सापडतील ते तिथे उतरवायचे. वर्गातल्या सगळ्यांचे कोरे पान शेवटी वेगळे भरलेले असेल. मोल्डिंगवाल्याच्या पानावर तापमान आणि दाब असतील, पॅकिंगवाल्याच्या पानावर ‘ओले करू नका’.

व्यक्तिनामे मात्र कुठेच घेतलेली नाहीत. एकच नाव अनेक कांजींत लिहिता येते आणि एकाच कांजीतले नाव अनेक तऱ्हांनी वाचता येते; जपानी माणसालाही अनोळखी नाव वाचताना थांबावे लागते. समोरच्याने व्हिजिटिंग कार्ड दिले तर ते दोन्ही हातांनी घ्यावे, नीट बघावे, आणि ‘ओनामाए वा नान तो ओयोमी सुरेबा योरोशिइ देस का’ असे सरळ विचारावे. तुमचे नाव कसे वाचू, एवढाच त्याचा अर्थ. हे वाक्य शेवटच्या पानावर मोठ्या टायपात दिले आहे. बाकी काही पाठ झाले नाही तरी ते करून ठेवा.